सोलापूरचे चाळीस रुपये आणि आपल्या सेवाभावी संस्था

शिरूर अनंतपाळ हा लातूर जिल्ह्यातील एक लहानसा तालुका. १९९९ साली तो नव्याने अस्तित्वात आला. तहसील आली, पंचायत समिती आली, पुढे नगरपंचायतही झाली. मात्र धर्मादाय कार्यालय लातूरलाच राहिले आणि तिथे जाऊन येण्यात मजुराची एक दिवसाची हजेरी बुडते, ती आजही बुडतेच. या तालुक्यात साकोळ, येरोळ, हिसामाबाद-उजेड अशा कोणत्याही गावी जा. विहाराच्या भिंतीवर नाहीतर एखाद्या पानटपरीच्या वर महापुरुषांच्या किंवा महामातांच्या नावाने 'बहुउद्देशीय सेवाभावी संस्था' असा एक तरी फलक दिसेल. नोंदणी क्रमांकही ठळक लिहिलेला असतो. या संस्थांचे कार्यकर्ते माझ्याकडे येतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "वकील साहेब, निधी कुठून मिळंल?"

माझा उलट प्रश्नही ठरलेला असतो. शेवटचा चेंज रिपोर्ट कधी दाखल केला? यावर बहुतेक वेळा शांतता पसरते. कोणी म्हणतो, ते आमच्या भाऊसाहेबांकडे होते, ते वारले. कोणी म्हणतो, कागद एका पिशवीत आहेत, पिशवी शोधावी लागेल.

निधीचा प्रश्न खोटा नाही. तो अतिशय खरा आहे आणि तो आजचाही नाही. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले, त्यासाठी छत्रपती शाहू महाराजांनी २,५०० रुपयांची मदत दिली होती. तरीही ते पत्र फार काळ चालू शकले नाही. ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' निघाले. त्याची पैशाची ओढाताण बाबासाहेबांनी वाचकांपासून लपवून ठेवली नाही. पत्राचे ऋण हे लौकिक ऋण आहे की नाही, असा सरळ प्रश्न त्यांनी समाजाला अग्रलेखातून विचारला. ते पत्रही १९२९ साली बंद पडले. एवढा विद्वान, एवढा मोठा बॅरिस्टर माणूस, आणि त्याच्या पत्रालाही पैसा पुरला नाही. तेव्हा आमच्या साकोळच्या पोराला तो पुरत नसेल तर त्यात लाजण्यासारखे काय आहे?

पण बाबासाहेबांनी संस्था कशी उभी केली, हे मात्र आपण भाषणात सांगतो आणि व्यवहारात विसरतो. ९ मार्च १९२४ रोजी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये त्यांनी सभा घेतली. तिच्यातून २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि ती १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली रीतसर नोंदवली गेली. होय, तोच कायदा, ज्याच्याखाली तुमची-माझी संस्था लातूरला नोंदवलेली असते. सभेचे अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड होते. कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष स्वतः बाबासाहेब, चिटणीस सीताराम नामदेव शिवतरकर आणि खजिनदार निवृत्ती तुळशीराम जाधव. म्हणजे ज्यांच्या नावावर दारे उघडतात ती माणसे एका बाजूला, काम करणारी माणसे दुसऱ्या बाजूला आणि तिजोरी तिसऱ्याच माणसाच्या हाती. आपल्याकडे काय असते? अध्यक्ष पती, सचिव पत्नी, खजिनदार मेहुणा, आणि सात सभासदांचा आकडा पुरा करण्यासाठी उरलेले चार चुलत भाऊ. कायद्याला सात माणसे लागतात, ती एका चुलीची नसावीत, एवढे तरी भान ठेवायला हवे. देणगी देणारा फलक वाचत नाही, तो आडनावे वाचतो.

या सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापूरला विद्यार्थ्यांचे वसतिगृह काढले. मुंबईच्या पुढाऱ्यांनी सोलापुरात काढलेले वसतिगृह. त्याला सोलापूर नगरपालिकेने दरमहा ४० रुपये अनुदान दिले. मला या ४० रुपयांचे फार महत्त्व वाटते. ती परदेशी देणगी नव्हती, कोणा शेठजीची खैरातही नव्हती. ज्या गावात मुले शिकत होती त्या गावच्या नगरपालिकेच्या तिजोरीतला तो पैसा होता, आणि त्या तिजोरीत आपल्या माणसांच्या घामाचाही वाटा होता. तो मागायला संस्था लागते, नोंदणी लागते, हिशेब लागतो. ते तिन्ही होते.

आता आपल्या जिल्ह्याचा अनुभव घ्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसे गाडली गेली. त्यानंतर लातूर-उस्मानाबाद भागात देशातून आणि परदेशातून मदत आली, जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा पुनर्वसन कार्यक्रम चालला. त्या काळात 'प्रोजेक्ट' हा शब्द आमच्या खेड्यात आला. काही संस्थांनी खरोखर मोलाचे काम केले, त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पण त्याच वेळी एक खोड लागली. संस्था म्हणजे प्रोजेक्ट आणणारे दुकान, हा समज रुजला. प्रोजेक्ट संपला की संस्था संपली, आणि प्रोजेक्ट मिळाला नाही तर संस्था सुरूच झाली नाही. आपल्या वस्तीतील अभ्यासिका, मुलींची शिकवणी, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मागे राहिलेल्या लेकरांची भाकरी, ही कामे प्रोजेक्टच्या मुदतीत बसत नाहीत. ती दरवर्षी असतात.

म्हणून आधी कागद. ज्यांना हे रुक्ष वाटेल त्यांनी दोन मिनिटे कळ काढावी, कारण यात आपल्या बापजाद्यांनी दिलेल्या जागा अडकलेल्या आहेत.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम २२ नुसार विश्वस्त बदलला, वारला, पत्ता बदलला, मालमत्ता वाढली किंवा कमी झाली, की ९० दिवसांत तो बदल धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो. यालाच चेंज रिपोर्ट म्हणतात. तो मंजूर झाला की नाव शेड्यूल वनवर चढते, आणि कायद्याच्या दृष्टीने शेड्यूल वनवर ज्याचे नाव तोच विश्वस्त. गावाने टाळ्या वाजवून निवडलेला अध्यक्ष हा कागदावर अध्यक्ष नसतो. २०१७ च्या दुरुस्तीने संस्थेची नोंदणीच रद्द करण्याची तरतूद आली. उद्देशाचे काहीही काम न करणारी संस्था त्यात सापडते, आणि त्यानंतर तिच्या मालमत्तेची व्यवस्था कशी लावायची याचे आदेश धर्मादाय अधिकारी काढू शकतात. त्या सुमारास राज्यभर बंद पडलेल्या संस्थांची नोंदणी रद्द करण्याची मोहीमही निघाली. ज्यांनी वर्षानुवर्षे हिशेब दिला नाही, त्यांनी आम्ही काम करत होतो हे कशाच्या आधारे सिद्ध करायचे?

आमच्याच भागातील एक प्रकरण सांगतो, गावाचे नाव सांगत नाही. एका वृद्ध उपासकाने वाचनालयासाठी दोन गुंठे जागा दिली. शंभर रुपयांच्या बाँडवर लिहून दिली, पंच म्हणून चौघांचे अंगठे. वीस-बावीस वर्षे तिथे पत्र्याच्या खोलीत पोरे अभ्यास करीत होती. त्यातून तलाठी झाले, शिक्षक झाले, एक पोरगी नर्स झाली. पुढे पक्की इमारत बांधायला निधी मिळण्याची वेळ आली तेव्हा अधिकाऱ्याने जागेचा उतारा मागितला. उतारा त्या उपासकाच्या मुलांच्या नावे. ते पुण्यात. त्यातला एक म्हणाला, आमच्या वडिलांनी दिले ते खरे, पण आता आमचे पण बघावे लागते. संस्थेचे सात विश्वस्त पाहावेत तर चार दिवंगत, एक आजारी, आणि उरलेल्या दोघांचे एकमेकांशी बोलणे नाही. निधी परत गेला. पत्र्याची खोली अजून आहे, पाऊस आला की पुस्तके एका कोपऱ्यात सरकवतात.

स्थावर मालमत्तेचे दान हे नोंदणीकृत दानपत्रानेच होते, बाँडवर होत नाही. जमीन हाडोळ्याची, वर्ग २ ची असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हस्तांतरच होत नाही. शेतजमिनीला तुकडेबंदीची अडचण वेगळीच. आणि एकदा जागा संस्थेच्या नावे झाली की कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय ती कोणाला विकता येत नाही. हे शेवटचे कलम आपल्या फायद्याचे आहे. उद्या एखादा नादान अध्यक्ष निघाला तरी विहाराची जागा प्लॉटिंगवाल्याच्या घशात जाणार नाही, पण त्यासाठी ती आधी शेड्यूल वनवर असली पाहिजे.

हे फक्त खेड्यातले दुखणे आहे असे कोणी समजू नये. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण प्रेस पाडण्यात आली. समाज रस्त्यावर उतरला, मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. त्या वादाच्या मुळाशी जे प्रश्न होते त्यातला एक हाच की विश्वस्त नेमके कोण आणि निर्णयाचा अधिकार कोणाचा. बाबासाहेबांनी ८ जुलै १९४५ रोजी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या कारभाराचे वादही वर्षानुवर्षे धर्मादाय कार्यालयाच्या आणि न्यायालयाच्या पायऱ्या झिजवत राहिले. या वादात कोण बरोबर, हे सांगण्याची ही जागा नाही. वकील म्हणून मला एवढेच दिसते की अशा प्रकरणांत समाजाची ताकद विरोधकाशी लढण्यात कमी आणि आपापसांत लढण्यात जास्त खर्ची पडते.

आता पैशाकडे येतो. सर्वांत जवळचा पैसा सर्वांत आधी. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी धम्मकार्यासाठी प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा द्यावा असे सांगितले. विसावा हिस्सा म्हणजे ५ टक्के. आज तो कोणी देत नाही, हे कटू असले तरी सत्य आहे, आणि मी तो मागायलाही सांगत नाही. साधा हिशेब करू. वस्तीत ६० घरे आहेत. घरटी महिन्याला ५० रुपये. वर्षाला ३६,००० होतात. त्याच गावचे दहा नोकरदार लातूर, पुणे, हैदराबादला असतील, त्यांनी महिन्याला ५०० दिले तर आणखी ६०,०००. जवळपास एक लाख रुपये. यात अभ्यासिकेचे वीजबिल, वर्तमानपत्रे, स्पर्धा परीक्षेची पुस्तके आणि शिकवणीच्या ताईचे मानधन निघते. कोणाच्या दारात जावे लागत नाही.

जयंतीच्या वर्गणीवर टीका करणारे लेख आपण पुष्कळ वाचले. डीजे वाईट, मिरवणूक वाईट, पोरे बिघडली. मी वेगळे म्हणतो. ज्या पोरांनी एका आठवड्यात घरोघर फिरून दीड लाख रुपये उभे केले, त्यांच्याइतका निधी संकलनाचा अनुभव शहरातल्या मोठ्या संस्थेच्या पगारी माणसालाही नसेल. त्यांना घराघराची परिस्थिती माहीत असते, कोणाकडून शंभर घ्यायचे आणि कोणाकडे मागायचेच नाही हे कळते. याच पोरांना अभ्यासिकेचे पावती पुस्तक द्या. फक्त एक करा. नोंदणी नसलेल्या मंडळाने वर्गणी गोळा करण्यापूर्वी कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी आणि नंतर हिशेब सादर करावा. गणेश मंडळे घेतात, आपण का घेऊ नये? उद्या कोणी तक्रार केलीच तर पोलिसांपुढे हाच कागद उभा राहतो.

पावती पुस्तक छापील, अनुक्रमांकाचे, प्रत्येक पावतीची स्थळप्रत असलेले हवे. बँक खाते संस्थेच्या नावे आणि दोन सह्यांचे. हल्ली नवाच रोग आला आहे. मोबाईलवरून पैसे घेण्याचा क्यूआर कोड संस्थेचा नसतो, सचिवाच्या स्वतःच्या खात्याचा असतो. त्याच खात्यात त्याच्या सोयाबीनचे पैसे, त्याच खात्यात समाजाची वर्गणी. माणूस कितीही प्रामाणिक असो, सहा महिन्यांनी त्यालाच कळत नाही कोणते पैसे कोणाचे. संस्थेच्या खात्याचा कोड बँक देते, तो घ्या.

आयकराच्या सवलतीबद्दल फार गैरसमज आहेत. ८० जी म्हणजे सोन्याची खाण, असे सांगणारे दलाल तालुक्याला फिरतात. वस्तुस्थिती अशी की देणगीदाराला ही वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते. नव्या करप्रणालीतल्या नोकरदाराला तिचा उपयोग नाही, आणि बहुतेक नोकरदार आता नव्या प्रणालीकडे गेले आहेत. २,००० रुपयांच्या वरची देणगी रोखीने दिली तर जुन्या प्रणालीतही वजावट नाही. ही नोंदणी पूर्वीसारखी कायमची राहिलेली नाही, मुदतीची झाली आहे. देणग्यांचे विवरण दरवर्षी ऑनलाईन भरून देणगीदाराला प्रमाणपत्र द्यावे लागते. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा असल्याने कलमांचे आकडेही बदलले, त्यामुळे जुनी झेरॉक्स दाखवून पैसे मागणाऱ्यापासून सावध राहा. तुमची संस्था वर्षाला एक लाखाची असेल तर ८० जीच्या मागे धावण्याआधी ऑडिट वेळेवर करा. कंपन्यांकडे जायचे असेल तेव्हा मात्र ही नोंदणी लागतेच.

दुसरा पैसा सार्वजनिक तिजोरीतला. सोलापूरच्या ४० रुपयांचा हा आजचा अवतार. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या १५ टक्के आणि जिल्हा परिषदेने २० टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करायची असते. तुमच्या ग्रामपंचायतीने मागच्या तीन वर्षांत हे १५ टक्के कशावर खर्च केले? माहितीच्या अधिकारात अर्ज करा, १० रुपयांचे तिकीट लावा. उत्तर येईल तेव्हा ग्रामसभेत वाचून दाखवा. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांचा विकास ही योजना जिल्हा परिषदेमार्फत चालते, तीत रस्ता-गटारीबरोबर समाजमंदिरही बसते. खासदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी मिळतात आणि त्यातील किमान १५ टक्के, म्हणजे ७५ लाख रुपयांची कामे अनुसूचित जातीच्या वस्त्यांसाठी सुचवावीत असे मार्गदर्शक तत्त्व आहे. लातूर मतदारसंघ २००९ पासून राखीव आहे. शिरूर अनंतपाळ निलंगा विधानसभेतून याच मतदारसंघात येतो. इथे अर्ज लिहिताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हा निधी धर्मस्थळाच्या बांधकामाला देता येत नाही. विहाराच्या नावाने केलेला अर्ज परत येतो, अभ्यासिका किंवा सामाजिक सभागृहाच्या नावाने, मोकळ्या जागेच्या उताऱ्यासह केलेला अर्ज पुढे जातो.

पुस्तकांसाठी कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजना आहेत, त्या राज्याच्या ग्रंथालय यंत्रणेमार्फत येतात. आणि बाबासाहेबांचे समग्र लेखन व भाषणे महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढलेल्या खंडांत शासकीय ग्रंथागारात अल्प किमतीत मिळतात. आमच्या कितीतरी अभ्यासिकांत पुतळा आहे आणि खंड नाहीत.

तिसरा पैसा लांबचा. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ने मोठ्या नफ्याच्या कंपन्यांवर सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करण्याचे बंधन घातले. यालाच सीएसआर म्हणतात. पण संस्थेला त्यासाठी आयकराच्या दोन्ही नोंदण्या, किमान तीन वर्षांचे काम आणि कंपनी व्यवहार खात्याकडे वेगळी नोंद लागते. सरकारी अनुदानासाठी नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांकही काढून ठेवावा, त्याला पैसे पडत नाहीत. 'सीएसआरमधून पन्नास लाख मिळवून देतो, दहा टक्के आगाऊ द्या' असे म्हणणारा माणूस गावात आला तर त्याला चहा पाजा आणि एसटीत बसवून द्या. कोणतीही कंपनी आगाऊ टक्केवारी घेऊन देणगी देत नाही.

परदेशातील आपल्या बांधवांबद्दल मला आवर्जून विचारतात. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये आपली शिकलेली मुले आहेत, ती द्यायला तयार असतात. नियम असा. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. पासपोर्टची प्रत मागून फायलीत ठेवा. पण त्याने तिकडचे नागरिकत्व घेतले असेल, तर तो जन्माने आपल्या येरोळचा असला तरी त्याची देणगी ही परदेशी देणगी होते, आणि एफसीआरए नोंदणी वा परवानगी नसताना ती घेणे गुन्हा आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर ही रक्कम फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यात घेता येते, आणि नोंदणीकृत संस्थेलाही ती दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. नोंदणीसाठी सर्वसाधारणपणे आधीच्या तीन वर्षांत १५ लाख रुपये उद्दिष्टांवर खर्च झालेले असावे लागतात. खेड्यातल्या किती संस्था यात बसतील? चळवळीच्या संस्थांकडे पाहणारी नजर आधीच संशयाची आहे, तिला आपण होऊन निमित्त देऊ नये.

हे सगळे एका लहान संस्थेला झेपणारे नाही, हे मलाही मान्य आहे. म्हणून तालुक्यातील पाच-सहा संस्थांनी मिळून एकच हिशेबनीस आणि एकच सनदी लेखापाल धरावा. प्रत्येकी वर्षाला थोडी रक्कम पडेल. ३१ मार्चला वह्या बंद, सप्टेंबरअखेर ऑडिट धर्मादाय कार्यालयात. लातूरला एकाच दिवशी सगळ्यांचे चेंज रिपोर्ट घेऊन जावे : सभेची नोटीस, हजेरी, ठराव, जुन्या विश्वस्तांची मृत्यू प्रमाणपत्रे, नव्यांची संमतिपत्रे आणि प्रतिज्ञापत्र. यातला एकही कागद कमी असला की तारीख पडते.

आणि खजिनदार शोधायला लांब जायचे कारण नाही. आपल्या प्रत्येक वस्तीत बचत गट आहेत. त्या बायांच्या वह्या मी पाहिल्या आहेत. आठवड्याची वीस-वीस रुपयांची बचत, कर्ज, व्याज, हप्ता, सगळे तारखेनिशी, आणि ज्या बाईला लिहिता येत नाही तिच्या रकान्यात तिची मुलगी सही करते. त्या वह्यांचा हिशेब दर बैठकीत सगळ्यांसमोर वाचला जातो. गेल्या महिन्यात आलेल्या एका मंडळाला मी सांगितले, यांच्यातल्याच एका ताईंना पुढच्या चेंज रिपोर्टमध्ये खजिनदार म्हणून घ्या आणि चेकवर दुसरी सही त्यांची ठेवा. अध्यक्ष थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "त्या तर मलाच हिशेब मागतील."

मी म्हणालो, मग नोटीस कधी काढता?